पौंड आणि युरोचा भाव: गावातल्या शाखेतून हिशेब कसा लावायचा

मोबाईलवर युरोचा भाव १०२.०८ दिसतो. शाखेत पैसे पाठवायला गेलं की १०३.६० लावतात. पोरानं जर्मनीतून पाठवलेल्या युरोला मात्र १००.६०च मिळतात. यात कोणी फसवलंच असेल असं नाही. हे तीन आकडे तीन वेगळ्या गोष्टींचे आहेत, आणि कुठला आकडा आपल्या कामाचा हे कळलं की अर्धं भांडण मिटतं. (खालचे सगळे भाव हिशेबापुरते धरले आहेत. रोजचे आकडे वेगळे असतील, रीत हीच.)

मोबाईलवरचा भाव म्हणजे मोठ्या बँका आपसात खरेदी-विक्री करतात तिचा मधला आकडा. त्या भावात तुम्हा-आम्हाला कोणी काही देत नाही. आपल्याला लागू होतो तो बँकेचा कार्ड रेट. बँक तो रोज सकाळी काढते आणि बाजार फार हलला तर दुपारी बदलते. त्यावर प्रत्येक चलनापुढे सहा-सात रकाने असतात. त्यातले चार ओळखा: टीटी बाइंग, टीटी सेलिंग, करन्सी बाइंग, करन्सी सेलिंग. टीटी म्हणजे खात्यातून खात्यात, करन्सी म्हणजे हातातल्या नोटा. बाइंग-सेलिंग हे नेहमी बँकेच्या बाजूनं वाचायचं. तुम्ही युरो घेऊन आलात तर बँक खरेदी करते, म्हणून बाइंग. तुम्हाला युरो पाठवायचे तर बँक विकते, म्हणून सेलिंग. शाखेत "आज युरो काय आहे?" असं विचारू नका. "आज युरोचं टीटी सेलिंग काय आहे?" असं विचारा. समोरच्यालाही कळतं की माणूस हिशेब करून आला आहे.

नोटांचा भाव टीटीपेक्षा नेहमी वाईट असतो, कारण नोटा आणाव्या, मोजाव्या, सांभाळाव्या लागतात आणि पडून राहिल्या तर व्याज बुडतं. वरच्याच दिवशी करन्सी बाइंग ९८.५० आणि करन्सी सेलिंग १०५.५० असू शकतं. म्हणून जाणाऱ्याच्या हाती पहिल्या आठवड्यापुरत्याच नोटा द्या, बाकी कार्डवर किंवा खात्यावर.

रुपया जागेवर, तरी युरो महाग का?

रुपया आणि युरो यांच्यात थेट मोठा बाजार नाही. भाव डॉलरच्या वाटेनं निघतो. डॉलर ८८ रुपये आणि युरो १.१६ डॉलर असेल, तर ८८ × १.१६ = १०२.०८. पौंड १.३३ डॉलर असेल, तर ८८ × १.३३ = ११७.०४. म्हणजे डॉलर ८८ वरच राहिला आणि युरोपात युरो १.१६ वरून १.१९ वर गेला, तर इथे बसल्या बसल्या युरो १०४.७२ होतो. बातम्यांत "रुपया स्थिर" ऐकून निर्धास्त राहणाऱ्याचं इथेच चुकतं. दोन्ही आकडे पाहायचे.

व्याजदराच्या बातम्यांचीही वेळ असते. बँक ऑफ इंग्लंडचा निर्णय ठरलेल्या गुरुवारी लंडनच्या दुपारी १२ ला येतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. युरोपीय मध्यवर्ती बँकेचा निर्णय आपल्या पावणेसहाला, हिवाळ्यात पावणेसातला. तोवर शाखेतलं काउंटर बंद झालेलं असतं, त्यामुळे परिणाम दुसऱ्या दिवशीच्या कार्ड रेटमध्ये दिसतो. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो. त्या दिवशी ॲप जो भाव देतं तो शुक्रवारचा, वर थोडा राखून ठेवलेला असतो. घाई नसेल तर सुटीच्या दिवशी व्यवहार करू नका.

भाव रास्त आहे का हे पाहायला एक भागाकार पुरे. तुम्हाला लावलेला भाव आणि मधला भाव यांतला फरक काढा, मधल्या भावानं भागा, शंभरानं गुणा. १०३.६० वजा १०२.०८ म्हणजे १.५२. त्याला १०२.०८ नं भागलं की साधारण दीड टक्का. टीटीवर एक टक्क्याच्या आत असेल तर चांगलं, दीडपर्यंत चालवून घ्या, दोनच्या वर गेलं तर दुसरी बँक विचारा. मधला भाव म्हणून मोबाईलवरचा आकडा शाखा मानत नसेल तर एफबीआयएल या संस्थेचा संदर्भ दर दाखवा. डॉलर, युरो, पौंड आणि येन यांचा हा दर कामाच्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास जाहीर होतो. जुलै २०१८ च्या आधी हे काम रिझर्व्ह बँक स्वतः करायची. आणि रक्कम मोठी असेल तर कार्ड रेटवर थांबू नका, "ट्रेझरीतून डील रेट घ्या" म्हणा, म्हणजे बँकेच्या चलन विभागाकडून त्या व्यवहारापुरता खास भाव. मागितल्याशिवाय तो कोणी देत नाही.

पाठवताना: जर्मनीचं ब्लॉक्ड अकाउंट

ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून दाखवायचं खातं, त्यातून पोराला दरमहा ठरलेलीच रक्कम काढता येते. आपल्याकडून जर्मनीला शिकायला जाणाऱ्यांना सगळ्यात मोठी एकरकमी रक्कम इथे लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती महिन्याला ९९२ युरो, वर्षाला ११,९०४ युरो आहे. मधल्या भावानं हे १२,१५,१६० रुपये होतात. टीटी सेलिंग १०३.६० नं १२,३३,२५४ रुपये. नुसत्या भावातला फरक १८,०९४ रुपये. शाखेत स्विफ्टच्या, म्हणजे बँकेतून परदेशी पैसे पाठवण्याच्या, पाचशे-हजार रुपयांवरून वाद घालणारे हा आकडा पाहतच नाहीत.

त्यावर चलन बदलण्याचा जीएसटी लागतो. तो सगळ्या रकमेवर नसून तिच्या छोट्या हिश्शावर असतो. १ लाखापर्यंत रकमेच्या ०.१८ टक्के, पण किमान ४५ रुपये. १ ते १० लाखांत १८० रुपये अधिक १ लाखावरच्या भागाचे ०.०९ टक्के. १० लाखांवर ९९० रुपये अधिक वरच्या भागाचे ०.०१८ टक्के, कमाल १०,८००. वरच्या उदाहरणात तो सुमारे १,०३२ रुपये येतो. पावतीवर यापेक्षा फार वेगळा आकडा दिसला तर मांडणी मागा.

मग टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ कापून घेते तो आयकर. परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांच्या वरच्या भागावर टीसीएस कापतात, तोही पॅननुसार मोजून. शिक्षणासाठीचा दर इतर बहुतेक कारणांपेक्षा बराच कमी असतो आणि तो अर्थसंकल्पात बदलतो, म्हणून चालू वर्षाचा दर शाखेतून लेखी घ्या. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे जात असतील तर टीसीएस नाही. सावकाराचं किंवा गावच्या पतसंस्थेचं कर्ज यात धरत नाहीत. कापलेला टीसीएस बुडत नाही, पण परत मिळवायला आयकर विवरणपत्र भरावं लागतं. नुसती शेती असलेल्या घरी ते भरायची सवय नसते, आणि पैसे तिथेच अडकून राहतात. आयकर खात्याच्या वार्षिक कर पत्रकात (२६एएस) रक्कम दिसते का ते बघून त्या वर्षीचं विवरणपत्र भराच.

व्यवहाराची रीत अशी. गावच्या शाखेत परकीय चलनाचं काम होत नसेल, बहुधा होत नाही, तर अर्ज अमरावती-अकोला-नागपूरकडच्या फॉरेक्स शाखेत जातो आणि एक-दोन दिवस तिथेच मोडतात. भाव कोणत्या दिवशीचा लागणार, अर्ज दिला त्या की फॉरेक्स शाखेत व्यवहार झाला त्या, हे आधी विचारा. बहुतेक वेळा फॉरेक्स शाखेत व्यवहार झाला त्याच दिवशीचा लागतो. सोबत ए२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज), पॅन, पासपोर्ट, विद्यापीठाचं प्रवेशपत्र आणि ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र न्या. पैसे कशासाठी हे सांगणारा पर्पज कोड फॉर्मवर लागतो, परदेशातल्या शिक्षणाचा एस०३०५. जर्मनीचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, २२ अक्षरांचा असतो. चार-चारच्या गटात मोठ्यानं वाचून ताडा. शून्य आणि इंग्रजी 'ओ' यांची गफलत इथेच होते.

खर्चाच्या रकान्यात 'अवर' निवडा, म्हणजे सगळा खर्च आपल्याकडे. 'शेअर' निवडलं तर मधली बँक १५-२० युरो वाटेत कापते, खात्यात ११,९०४ ऐवजी ११,८८५ पोचतात आणि दूतावासाला लागणारं पत्र निघत नाही. तेवढे वीस युरो पाठवायला पुन्हा पूर्ण स्विफ्टचा खर्च. खातं उघडणाऱ्या संस्थेची फी वेगळी असेल तर तीही मिळवूनच रक्कम ठरवा. शेवटी स्विफ्ट कॉपी मागून घ्या. पैसे अडकले तर शोध तिच्यावरूनच लागतो.

ब्रिटनचं गणित निराळं. तिथे पैसे आधी पाठवायचे नसतात, खात्यात सलग २८ दिवस दाखवायचे असतात, आणि स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जाच्या ३१ दिवसांच्या आतली लागते. रुपये असतील तर ब्रिटनचं गृहखातं ओआंडा या संकेतस्थळावरच्या अर्जाच्या दिवशीच्या भावानं पौंड करतं. समजा २०,००० पौंड दाखवायचे आहेत. ११७.०४ नं २३,४०,८०० झाले म्हणून नेमके तेवढेच ठेवले आणि अर्जाच्या दिवशी पौंड ११९ झाला, तर लागतात २३,८०,००० आणि ३९,२०० रुपयांसाठी व्हिसा नाकारला जातो. पाच टक्के जास्त ठेवा. आणि त्या २८ दिवसांत खात्यातून बियाण्याचे किंवा मजुरीचे पैसे काढू नका. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा एकपासून.

मागवताना

भारतात आयबॅन नाही. तिकडून कोणी आयबॅन मागितला तर खाते क्रमांक, आयएफएससी आणि बँकेचा स्विफ्ट कोड द्यायचा. गावच्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो, त्याच बँकेच्या ज्या शाखेतून परकीय व्यवहार होतात तिचा लिहायचा. जिल्हा बँकेतलं किंवा पतसंस्थेतलं खातं यासाठी देऊ नका. तिथल्या खात्यांवर परकीय पैसे थेट येत नाहीत, फिरून परत जातात आणि परतीचा खर्च आपल्यावर. घरखर्चासाठी आलेल्या पैशाचा कोड पी१३०१.

सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. पासबुकात वानखडे, आधारवर वानखेडे, आणि पोरानं ॲपमध्ये घातलं वानखडे पाटील. बँक रक्कम थांबवते आणि चौकशीत आठवडा जातो. नाव पासबुकाच्या पहिल्या पानावर जसं छापलं आहे तसंच, अक्षर न अक्षर, त्याचा फोटो काढून तिकडे पाठवा.

पोरानं ५०० युरो पाठवले तर १००.६० नं ५०,३०० रुपये, त्यातून जीएसटी सुमारे ९० रुपये, वर वाटेतली कपात. ॲपवाल्या सेवा भाव तिकडेच पक्का करून रुपयांतच जमा करतात. रक्कम लहान असेल तर बहुतेक वेळा तेच स्वस्त पडतं. तुलना करताना "फी शून्य" या पाटीकडे बघू नका, शेवटी खात्यात किती रुपये पडले तेवढंच बघा. परदेशात राहायला गेलेल्याचं इथलं जुनं बचत खातं एनआरओ (अनिवासी माणसाचं रुपया खातं) करून घ्यावं लागतं, हे बहुतेक घरांत राहून जातं.

तिकडे कार्ड वापरताना यंत्र विचारतं, रुपयांत की युरोत? युरोच दाबा. रुपये दाबले की दुकानदाराची बँक स्वतःचा भाव लावते.

पौंड: रुपया ज्याला बांधला होता ते जुनं चलन

जुन्या हिशेबांत पौंडाचा भाव रुपयांत लिहिलेला नसायचा. एका रुपयाला किती पेन्स, असा उलटा असायचा. तेव्हा १ पौंड म्हणजे २० शिलिंग, १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स, एकूण २४०. शंभर पेन्सचा पौंड १५ फेब्रुवारी १९७१ पासून. रुपयाला १६ पेन्स असतील तर २४० भागिले १६, पौंड १५ रुपये. १८ पेन्स असतील तर पौंड १३ रुपये ५ आणे ४ पै (रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै).

हे दोन पेन्स वऱ्हाडाला किती महाग पडले ते कापसावर मांडून बघा. इंग्लंडातल्या लिव्हरपूलच्या बाजारात भाव रतलाला पेन्समध्ये निघायचा. समजा ६ पेन्स निघाला. रुपया १६ पेन्सचा असेल तर शेतकऱ्याच्या बाजूला ६ आणे. रुपया १८ पेन्सचा झाला तर त्याच कापसाचे ५ आणे ४ पै. भाव तिकडे एका पैनंही हलला नाही आणि इथे नववा हिस्सा गेला. सरकारनं नेमलेल्या हिल्टन यंग आयोगानं १९२६ मध्ये १८ पेन्सची शिफारस केली, पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी १६ पेन्सच्या बाजूनं आपलं मत वेगळं नोंदवलं, आणि १९२७ च्या कायद्यानं १८ पेन्स पक्के झाले. याच आयोगापुढे १९२५ मध्ये डॉ. आंबेडकरांनी साक्ष दिली होती. लंडनला त्यांनी प्रबंधच रुपयाच्या प्रश्नावर लिहिला होता. आजही रुपया चढला की निर्यातदार कुरकुरतो आणि पोराची फी भरणारा खूश होतो. एकाच घरात कापूसही असतो आणि फीही.

दोर बांधलेला असला तरी पौंड स्वतः घसरत होता. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटननं सोन्याशी नातं तोडलं. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर आणला. रुपयाही सोबत उतरला, म्हणून रुपयातला भाव १३.३३ च राहिला. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि पौंड २१ रुपयांवर गेला. नोव्हेंबर १९६७ मध्ये ब्रिटननं पौंड २.४० डॉलरवर आणला, आपण हललो नाही, आणि पौंड १८ वर उतरला. सप्टेंबर १९७५ मध्ये रुपयानं पौंडाचा दोर सोडला. रुपयाचा भाव बाजारावर सोपवला गेला तो मार्च १९९३ मध्ये. त्यामुळे "आजोबांच्या काळी पौंड तेरा रुपये होता" हे खरं असलं तरी तो बाजारानं काढलेला भाव नव्हता, कायद्यानं धरून ठेवलेला होता. त्याच्याशी आजची तुलना करू नका.

मार्क ते युरो

जर्मनीनं १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजले. ती धास्ती इतकी खोल की पुढे २० जून १९४८ ला नवा डॉइच मार्क आला, त्याची राखण महागाईच्या बाबतीत कठोर असलेल्या बुंडेसबँकेकडे गेली, आणि युरोची बँकही त्याच फ्रँकफर्टात बसवली. पौंड आणि मार्क यांची गाठ १९९० मध्ये पडली. ब्रिटननं पौंड २.९५ मार्कच्या मध्यभावाला बांधला, साधारण २.७८ च्या खाली जाऊ द्यायचा नव्हता. जर्मनीनं एकीकरणानंतर व्याज चढं ठेवलं, पौंडाला ते झेपेना. १६ सप्टेंबर १९९२ ला लंडननं एकाच दिवसात व्याज १० चे १२ केले, १५ जाहीर केले, आणि संध्याकाळी दोर सोडला.

मार्कनं वेगळी वाट धरली. ३१ डिसेंबर १९९८ ला भाव कायमचे गोठवले: १ युरो = १.९५५८३ मार्क = ६.५५९५७ फ्रेंच फ्रँक. दुसऱ्या दिवसापासून युरो हिशेबात, आणि नोटा-नाणी १ जानेवारी २००२ पासून हातात. बल्गेरियाचा लेव्हही मार्कला बांधलेला होता, म्हणून लेव्हचा युरोशी भावही तोच १.९५५८३ निघाला. २०२६ पासून तिथेही युरोच आहे. पण युरो डॉलरच्या तुलनेत काही शांत राहिलेला नाही. ऑक्टोबर २००० मध्ये तो ०.८३ डॉलरच्या खाली होता, जुलै २००८ मध्ये १.६० च्या आसपास, २०२२ मध्ये पुन्हा एकाच्या खाली. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला पौंडही १.०३ डॉलरपर्यंत कोसळला आणि काही आठवड्यांत सावरला. जून २०१६ च्या ब्रेक्झिट मतदानानंतर तो एका रात्रीत १.५० वरून १.३२ च्या खाली गेला होता.

असे धक्के कोणाला आधी कळत नाहीत, म्हणून "अजून थांबू, उतरेल" हा सल्ला फीच्या बाबतीत ऐकू नये. भाव येईल म्हणून कापूस घरात ठेवला तर कापूस निदान घरात राहतो. फीची तारीख गेली तर जागा जाते. जर्मनीचं सत्र ऑक्टोबरला, ब्रिटनचं सप्टेंबरला सुरू होतं, म्हणजे पैसे जून ते ऑगस्टमध्ये लागतात, नेमके पेरणीत हात रिकामे असताना. कापसाचे-तुरीचे पैसे हिवाळ्यात आले की ब्लॉक्ड अकाउंटसाठीची रक्कम दोन हप्त्यांत पाठवायला घ्या. तीनपेक्षा जास्त हप्ते केलेत तर स्विफ्टचा खर्च फायदा खाऊन टाकतो. ३१ मार्चच्या आधी एक आणि नंतर एक असे पाठवले तर टीसीएसची १० लाखांची मर्यादा दोन्ही वर्षांत वेगळी मिळते.

पेटीत जुन्या नोटा निघाल्या तर

आधी नोटेवरचं बँकेचं नाव वाचा. 'डॉइच बुंडेसबँक' किंवा त्याआधीची 'बांक डॉइचर लेंडर' असेल तर मार्क जिवंत आहे. बुंडेसबँक १.९५५८३ नंच, मुदत न घालता, फी न घेता बदलून देते. १०० मार्कचे ५१.१३ युरो. 'रायखसबांक' असेल तर ती जुनी नोट, संग्राहकाकडेच किंमत. पूर्व जर्मनीचा मार्क १९९० मध्ये संपला. फ्रेंच फ्रँकची मुदत १७ फेब्रुवारी २०१२ ला, इटलीच्या लिराची ६ डिसेंबर २०११ ला गेली. नागपूरचा मनी चेंजर मार्क घेणार नाही, आणि कोणी पंधरा-वीस रुपयांना मार्क मागितला तर देऊ नका, वरच्या भावानं तो ५२ चा आहे. जर्मनीला कोणी जाणार असेल त्याच्या हाती देऊन बुंडेसबँकेच्या शाखेत बदलून घ्या.

पौंडाच्या कागदी नोटा दुकानात चालत नाहीत. पाचची मे २०१७ मध्ये, दहाची १ मार्च २०१८ ला, वीस आणि पन्नासची ३० सप्टेंबर २०२२ ला बंद झाली. बँक ऑफ इंग्लंड मात्र आपली कुठलीही जुनी नोट कायम बदलून देते. स्कॉटलंडच्या बँकांच्या नोटा खऱ्या असूनही इथले चेंजर घेत नाहीत, त्या परतीच्या माणसाकडून तिकडेच खर्चायला लावा.

चालू नोटा परत आणल्या असतील तर २,००० डॉलरच्या किमतीपर्यंत घरी ठेवता येतात. त्यावरच्या नोटा परत आल्यापासून १८० दिवसांत बँकेत किंवा परवानाधारक चेंजरकडे द्याव्या लागतात. चेंजरकडून पावती घ्या आणि पावतीवर परवाना क्रमांक आहे का बघा. ५०० युरोची नोट २०१९ पासून नव्यानं निघत नाही. चालते ती, पण इथे ती घेताना दुप्पट चौकशी होते आणि भावही पाडून मागतात, म्हणून येणाऱ्याला ५० च्याच आणायला सांगा. नाण्यांवर मर्यादा नाही, पण ती इथे कोणी विकतही घेत नाही.